बेरजेत न आलेली पहिली फेरी

साकोलीच्या बस स्टँडसमोर माझं दुकान आहे. पाटीवर 'संगणक प्रशिक्षण, मराठी टायपिंग, प्रोग्राम करून मिळतील' असं लिहिलंय. त्यातलं तिसरं वाचून आत येणारे वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे झेरॉक्स आहे का म्हणून विचारतात, आणि नाही म्हटलं की मग दुकान कशाला उघडलं, अशा नजरेनं बघून निघून जातात. संपादकांनी जेव्हा दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात या धंद्यातल्या गमतीजमती होत्या. त्याही आहेत. एका गिऱ्हाइकानं कीबोर्ड साबणानं धुऊन दोरीवर वाळत घातला होता आणि वर मलाच विचारलं होतं, की इतका स्वच्छ करूनही तो चालत का नाही.

पण पंचवीस-सव्वीस वर्षांत मी लिहिलेल्या हजारो ओळींपैकी एकच ओळ मला रोज आठवते. तिच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता लिहिते.

आधी धंदा काय ते सांगायला हवं. माझे वडील मोहाडीला विणकर. घरात चार माग होते, आणि मी दिवसभर खुर्चीत बसून नेमकं करते काय, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. एकदा मी म्हटलं, "बाबा, मशीनले काय करायचं ते सांगतो मी." त्यांनी विचारलं, "अन ते आयकते?" मी म्हटलं, "आयकते. पण जेवढं सांगतलं तेवढंच." त्यावर मागावरचा धागा जुळवत ते म्हणाले, "मंग सांगणाऱ्यानं शुद्धीवर राहाले पाह्यजे." माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच वाक्य पहिल्या दिवशी सांगते. वडिलांचं आहे हे सांगत नाही, माझंच म्हणून खपवते.

बेरीज हे संगणकाचं सगळ्यात साधं काम. समजा, तुमच्यासमोर एक टोपली आहे आणि तिच्यात चिठ्ठ्या आहेत, प्रत्येकीवर एक आकडा. हाती शून्य घेऊन बसायचं. एक चिठ्ठी उचलायची, तिच्यावरचा आकडा हातातल्या आकड्यात मिळवायचा, चिठ्ठी बाजूला ठेवायची, दुसरी उचलायची. टोपली रिकामी झाली की हातात उरेल ती बेरीज. मी शिकले तेव्हा हे सगळं पाच-सहा ओळींत स्वतः लिहावं लागायचं, आणि शून्यापासून सुरू करायला विसरलं तर कालच्या बेरजेवर आजची चढायची. पुढे मी ज्या भाषेत काम करू लागले तिच्यात हे तयार मिळतं. अशा तयार कामाला मेथड म्हणतात. या मेथडचं नाव 'सम'. टोपली दाखवायची, सम म्हणायचं, की झालं काम.

या मेथडची एक सवय आहे. टोपलीतून आकड्याऐवजी एखादा शब्द निघाला, तर ती पुढे जात नाही. जागच्या जागी थांबते आणि पडद्यावर लाल अक्षरांत ओरडते, की हा आकडा नाही, याची बेरीज मला करता येत नाही. तेव्हा मला ही तिची खोड वाटायची.

तुमसरच्या एका राइस मिलसाठी मी धानाच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, मोजणी करणारा प्रोग्राम केला होता. डाव्या रकान्यात अनुक्रमांक, उजव्या रकान्यात त्या खेपेला गाडीतून उतरलेले कट्टे. मिलचे मुन्शी साठीचे, वहीवर वाढलेले. वहीत ते मध्येच आडव्या ओळीत काहीबाही लिहीत. तसंच त्यांनी संगणकातही सुरू केलं. डावीकडे 'पाऊस', उजवीकडे 'लई'. झालं. प्रोग्राम थांबला, लाल अक्षरं आली, मालकांचा फोन आला. मी तुमसरला जाऊन मुन्शीजींना समजावलं की रकान्यात शब्द लिहायचे नाहीत. दोन दिवस त्यांनी पाळलं. तिसऱ्या दिवशी डावीकडे 'जेवण' आणि उजवीकडे 'दोन' म्हणून आकड्यात २ लिहिलं, म्हणजे दोन वाजता सुट्टी. या वेळी प्रोग्राम काही ओरडला नाही. जेवणाचे दोन कट्टे त्यानं बेरजेत मिळवून टाकले. मालकांनी विचारलं तर मुन्शीजी शांतपणे म्हणाले, "आमच्या वहीले तं समजत होतं. हे शिकून आलेलं आहे, याले काहून नाही समजत?"

त्या दिवशी मला राग आला आणि लाजही वाटली. दुकानात परत येऊन मी 'सम'च्या आधी एक ओळ घातली. अर्थ असा: डाव्या रकान्यात आकडा नसेल, तर ती पूर्ण ओळ सोडून दे आणि पुढे जा. एवढंच. नंतर मुन्शीजींनी 'चहा' लिहिलं, 'हमाल बदलले' लिहिलं, एकदा 'मालक आले' असंही लिहिलं, पण प्रोग्राम कधी अडला नाही. मालक खूश. माझ्याकडे गिऱ्हाइकं वाढली, कारण साकोलीच्या बाईचा प्रोग्राम बंद पडत नाही असं लोक सांगू लागले. मला त्या ओळीचा अभिमान होता. मी ती सगळ्या प्रोग्राममध्ये घालू लागले.

लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आत वैनगंगेच्या काठाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही. गावाला मोठा तलाव आहे आणि ढिवरांची मच्छीमार संस्था. वरच्या कार्यालयाला तलावातून किती मासळी निघाली ते दरमहा कळवावं लागायचं, म्हणून संस्थेनं माझ्याकडून प्रोग्राम घेतला, कविताच्या मोबाईलवर चालेल असा. कविता संस्थेच्या मापाऱ्याची सून. बारावी झालेली, हुशार, सांगितलेलं एकदाच ऐकून लक्षात ठेवणारी. डावीकडे टोपलीचा आकडा, उजवीकडे वजन, एवढंच मी तिला सांगितलं होतं. तिचे सासरे डोमाजी तीस-पस्तीस वर्षं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, काट्याजवळ उभे राहून टोपल्या मोजत आले होते. मी त्यांना काकाजी म्हणायची. कविता मामाजी म्हणायची, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात.

काकाजींची मोजणी अशी. टोपली काट्यावर चढली की ते मोठ्यानं पुकारायचे, मग वजन सांगायचे, आणि एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचे. पहिल्या टोपलीला ते एक म्हणत नसत. 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. धान मोजताना, तांदूळ मोजताना, महुफुलं मोजताना आमच्या भागात पहिलं माप लाभ असतं, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. बाहेरच्या वाचकासाठी सांगते, की पहिल्या मापाला एक म्हटलं तर बरकत तिथंच आटते अशी जुनी समजूत आहे. माझ्या माहेरीही आई तांदळाचं पहिलं माप घेताना लाभ म्हणायची. तेव्हा हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

महिन्याभरानं मी संस्थेत गेले. माल नुकताच वाटून झाला होता. काकाजी काट्याची साखळी पुसत होते.

"बाई," ते म्हणाले, "तुह्या मशीनीत एक टोपली कमी भरते."

"कधी?"

"रोज. माहे चिंचोके अठरा असले तं वजन सतरा टोपल्याईचंच भरते. मी तोंडी जोडून पायलो."

मी त्यांच्यासमोर मोबाईल घेतला. नमुन्यादाखल स्वतः पाच ओळी टाकल्या, एक, दोन, तीन, चार, पाच, प्रत्येकीपुढे दहा किलो. बेरीज पन्नास. "बघा काकाजी, बरोबर आहे. मशीन बेरीज चुकत नाही."

"मशीन चुकत नसंल," ते म्हणाले. "पन मासोरी तं मी टोपलीत पायली ना."

कविताचा त्या दिवसाचा खरा हिशेब उघडून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. पण साकोलीची बस फाट्यावर यायची वेळ झाली होती आणि पुढची दोन तासांनी होती. मी त्यांना म्हटलं, की चिंचोका कधी दोनदा पडत असेल. काकाजी हसले. वाटे तर त्यांच्या चिंचोक्यांवरच पडत होते, मोबाईलचा आकडा फक्त वर जायचा. त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही, आणि विषय तिथंच राहिला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी पुन्हा त्या गावात होते. संस्थेचा नवा मोबाईल आला होता, त्यात प्रोग्राम घालायला गेले होते. रात्रभर वरच्या भागात पाऊस झाला होता, आणि सकाळी नऊच्या सुमाराला नदीचं पाणी रस्त्यावर आलं. फाटा तुटला. मी गावात अडकले.

गाव दोन भागांत आहे. वरचं गाव उंचावर, शाळा तिथंच. नदीकडे खाली एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे, साठ-सत्तर पावलं रुंदीचा सखल भाग मध्ये सोडून. तो सखल भाग पाण्यानं भरला आणि टोला बेट झाला. तलाठी गावातच होते. त्यांच्याकडे टोल्याच्या माणसांची यादी होती, एकशे सत्तावीस. एकच मोठा डोंगा होता. ती होडी हाकायला मागं काकाजी, पुढं त्यांचा मुलगा रमेश, कविताचा नवरा. तलाठ्यांनी कविताला विचारलं, की मोजणी ठेवशील का. तिनं मासळीचा तोच प्रोग्राम उघडला. डावीकडे फेरी, उजवीकडे माणसं. मी तिच्या शेजारी शाळेच्या ओट्यावर बसले होते. तिच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं.

पहिल्या फेरीत म्हातारी माणसं आणि एक ओली बाळंतीण आली, बारा जणं. त्यांना तसंच ट्रॅक्टरवर बसवून पलीकडच्या गावच्या दवाखान्याकडे पाठवलं, कारण तिकडचा रस्ता अजून उघडा होता. मग डोंगा येत-जात राहिला. काकाजी काठाला लागताना ओरडून सांगायचे, कविता टाइप करायची. त्या दिवशी त्यांच्या खिशात चिंचोके नव्हते. दोन्ही हातांत बांबू होता.

दुपारी एकच्या सुमाराला शेवटची फेरी आली. काकाजी काठावर बसले. "अकरा फेऱ्या झाल्या. टोला खाली झाला," ते म्हणाले.

तलाठ्यांनी मला विचारलं, "ताई, बेरीज?"

मी कविताच्या हातातून मोबाईल घेतला आणि बटण दाबलं. "एकशे पंधरा."

"बारा कमी आहेत."

लोक तोवर पांगले होते. कोणी शाळेत, कोणी वरच्या गावात सोयऱ्यांच्या घरी. पाऊस सुरू होता, मोबाईलचं नेटवर्क गेलं होतं, आणि नावं पुकारून बघायची तर तासभर लागला असता. काकाजींनी विचारलं, "ट्रॅक्टरवाले धरले का त्याच्यात?"

हा प्रश्न त्यांनी नीट विचारला होता आणि मी नीट ऐकला होता. मी म्हटलं, "हो काकाजी. सगळ्या फेऱ्या आहेत यात."

कोणीतरी म्हणालं, टोल्याच्या टोकाला आमराईमागं चार घरं आहेत, तिथले राहिले असतील. काकाजी म्हणाले, "तेथी मी सोता आवाज देल्लो होतो. कोनी नोहतं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाण्याकडे बघितलं, ते सकाळपेक्षा हातभर वर आलं होतं आणि त्याला ओढ होती. "पन बारा म्हणजे बारा लोक होत बाई," ते म्हणाले. "जाऊन पायतो."

रमेश आधीच डोंग्यात चढला होता.

ते गेल्यावर कवितानं मला पाणी आणून दिलं आणि ती सासूला सांगायला आत गेली. मी मोबाईल हातात घेऊन बसले होते. काय वाटलं कोण जाणे, मी बेरीज बंद केली आणि तिनं भरलेल्या ओळी उघडल्या. सगळ्यात वर, डाव्या रकान्यात, तिच्या नीटस टायपिंगमध्ये लिहिलं होतं 'लाभ'. उजवीकडे १२. त्याखाली २, ३, ४ करत अकरापर्यंत.

प्रोग्रामनं ती ओळ सोडून दिली होती. मीच त्याला तसं सांगितलं होतं, तुमसरच्या एका मुन्शीची सवय मोडता येत नव्हती म्हणून. त्या ओळीत 'सोडून दे'ऐवजी 'थांब आणि ओरड' असं लिहिलं असतं, तर प्रोग्रामनं हा शब्द बघून 'सम'सारखाच आरडाओरडा केला असता आणि आम्ही सगळे मोबाईलमध्ये डोकावलो असतो. मी त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

मी धावत काठावर गेले. डोंगा आमराईच्या दिशेनं अर्ध्याच्या पुढं गेला होता. मी ओरडले, ओढणी काढून हलवली. काठावरच्या बाया माझ्याबरोबर ओरडू लागल्या, का ते न कळताच. रमेशनं मागं वळून बघितल्यासारखं वाटलं. पाण्याचा आवाज एवढा होता, की शेजारचं बोलणं कळत नव्हतं. मग डोंगा आमराईमागं गेला आणि दिसेनासा झाला.

पाण्याखाली गेलेल्या विजेच्या खांबावर तो आदळला, हे नंतर रमेशनं सांगितलं. तो आंब्याला धरून राहिला. दुसऱ्या गावचे ढिवर डोंगा घेऊन आले आणि त्यांनी त्याला संध्याकाळच्या आत काढलं. काकाजी तिसऱ्या दिवशी खाली नदीच्या वळणावर सापडले. आमराईमागच्या चारही घरांना बाहेरून कडी होती. आत कोणीच नव्हतं.

पण मला जे सांगायचं आहे ते याच्या मधलं आहे. रमेशला काढून आणल्यावर शाळेत सगळे जमले. ट्रॅक्टरवाला परतला होता आणि त्यानं सांगितलं, की बाराही जणं सुखरूप पोचवलीत. तलाठ्यांनी बोटांवर हिशेब केला आणि माझ्याकडे वळले. "ताई, मग एकशे सत्तावीस होतात. मशीननं एकशे पंधरा कसे दाखवले?"

मी म्हटलं, "एक नोंद राहिली होती."

इतकंच म्हटलं. कोणाची राहिली, कशी राहिली, काही नाही. पण नोंदी कविता करत होती. शाळेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती खांबाला टेकून उभी होती, हातात रमेशसाठी आणलेले कोरडे कपडे होते. मीही तिच्याकडे बघत होते. त्या वेळी दुसरं एक वाक्य बोलले असते तर सगळं निस्तरलं असतं. मी बोलले नाही. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. लोक मारतील याची नाही. साकोलीच्या बाईचा प्रोग्राम चुकला, असं लोक म्हणतील याची.

दुकानात आल्यावर मी सगळ्यात आधी ती ओळ काढली. भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत जिथं जिथं माझे प्रोग्राम होते, तिथं तिथं जाऊन काढली. आता शब्द आला की प्रोग्राम थांबतो आणि विचारतो, ही ओळ धरायची की सोडायची. गिऱ्हाइकं कुरकुरतात. काही सोडूनही गेली. आकड्याच्या जागी 'लाभ' आला तर तो एक समजायचा, हेही मी त्याला शिकवलं. पाच मिनिटांचं काम होतं. विद्यार्थ्यांना मी आता शिकवते, की ओरडणाऱ्या प्रोग्रामला घाबरू नका, न ओरडणाऱ्याला घाबरा. ते वहीत लिहून घेतात. हे मला कुठून कळलं, असं अजून कोणी विचारलेलं नाही.

त्या गावाला मात्र मी गेले नाही. नवा प्रोग्राम मोबाईलवर पाठवून दिला. तो कोणी उघडला नाही. संस्था कागदावर परत गेली होती. मापारी म्हणून काट्यावर आता कविता उभी राहते, असं कानावर आलं, तेव्हा मला बरं वाटलं. सावरली असं मी स्वतःला सांगितलं.

या वर्षी पोळ्याच्या आधी रमेश दुकानात आला. संस्थेचा कसलासा फॉर्म भरायचा होता. केस पांढरे झालेत त्याचे. फॉर्म भरून झाल्यावर मी विचारलं, "कविता कशी आहे?"

"चांगली आहे. मोजते चांगली. पन बुढे लोक लई बोलतेत तिले."

"काहून?"

"लाभ नाही म्हणत ना थे. सिधी एकापासून सुरू करते. मासोरी कमी निंघाली का सारे तिच्यावर खेकसतेत. आपून सांगून पायलं. आयकतच नाही. बाबा गेल्यापासून तिच्या तोंडून तो शब्दच निंघाला नाही."

रमेशला हे नुसतं अडेलपणाचं वाटत होतं. मला खुर्चीत बसल्या जागी कळलं. कवितालाही ती ओळ दिसली होती. तिनंही त्या संध्याकाळी मोबाईल उघडून बघितला असणार, आणि माझ्याइतकंच तिलाही समजलं असणार, की कोणती ओळ बेरजेत आली नाही आणि का. फक्त तिनं त्याचा अर्थ वेगळा लावला होता. ताईनं आकडा लिहायला सांगितला होता, आणि आपण शब्द लिहिला. इतकी वर्षं ती हे घेऊन काट्यावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी गेले. तलावाच्या पाळीवर माल यायचा होता. बायका टोपल्या उलट्या करून त्यांच्यावर बसल्या होत्या. कवितानं मला बघितलं आणि उठून उभी राहिली. "ताई, तुमी? बसा ना."

मी बसले नाही. सगळ्यांसमोर चूक ढकलली होती, म्हणून सगळ्यांसमोरच सांगितलं. तुमसरची गिरणी, मुन्शी, ती ओळ, सगळं. "तू लाभ लिहिलं ते बरोबर लिहिलं," मी म्हटलं. "काकाजींनी पुकारलं तेच तू लिहिलं. माझ्या प्रोग्रामला ते समजायला पाहिजे होतं, आणि समजलं नाही तर त्यानं थांबून विचारायला पाहिजे होतं. त्यानं विचारू नये अशी तजवीज मी केली होती. काकाजींनी मला आधीच सांगितलं होतं, की रोज एक टोपली कमी भरते. मी बघितलं नाही. आणि शाळेत नोंद राहिली म्हणाले, ते खोटं होतं. राहिली नव्हती."

ज्यांनी हा अंक त्या गावात विकत घेतला असेल त्यांच्यासाठी पुन्हा लिहिते: कवितानं त्या दिवशी अकराही फेऱ्यांची नोंद केली होती.

एक म्हातारी डोळ्याला पदर लावून रडू लागली. कविता रडली नाही. ती काट्याची साखळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"म्या त्या दिवशीच पायलं होतं ताई," ती म्हणाली. "मले वाटे, म्या एक लिवलं असतं तं मामाजी राह्यले असते. घरच्यायले बी नाही सांगतलं. कोनालेच नाही."

"मला कळलं ते. काल कळलं."

"तुमाले तं त्याच दिवशी मालूम होतं, का चूक तुमची होय."

"हो."

"मंग मले तवाच काहून नाही सांगतलं?"

भीती वाटली, हे मी वर लिहिलं आहे, पण ते एका संध्याकाळचं कारण झालं. त्यानंतरच्या इतक्या वर्षांचं कारण माझ्याकडे नाही.

तेवढ्यात डोंगे काठाला लागले. माणसं टोपल्या उचलून पाळीवर आली, आणि काय झालंय ते न कळल्यानं काट्याजवळ थबकली. कवितानं पदर खोचला. पहिली टोपली काट्यावर चढली. काटा हलून स्थिर झाला. टोपलीवाला म्हणाला, "बोल ना बाई."

"लाभ," कविता म्हणाली. तिनं तलावाच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा पुकारलं. मग वजन सांगितलं. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.